गोळी कोणी निवडायची? ठासणीची बंदूक, जात आणि भंडाऱ्याचे धुरे

अमेरिकेत ठासणीची बंदूक हा आज हौसेचा विषय आहे. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. त्याआधी शिकारी मंडळी महिनोन्‌महिने चर्चा करतात, की गोळी शिशाची घ्यावी की तांब्याच्या आवरणाची, गोल की लांबट, दारू किती ग्रेन भरावी आणि सॅबो वापरावा की नाही. सॅबो म्हणजे गोळीला घातलेला प्लास्टिकचा पेला. नळी मोठी आणि गोळी लहान असली की मधली फट हा पेला भरून काढतो, नळीतल्या पेचदार खाचा धरतो, गोळीला फिरकी देतो आणि तोंडातून बाहेर पडताच गळून जातो. या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ लाकडी खडावा.

आमच्या भंडारा जिल्ह्यात या बंदुकीला 'भरमार' म्हणतात. तोंडाकडून भरायची, गजाने ठासायची आणि बार काढायचा. आधी दारू, मग चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, त्यावर पुन्हा बोळा आणि शेवटी कानावर टोपी. कोणी विचारेल, पंचशील घेतलेल्या, 'पाणातिपाता वेरमणी' म्हणणाऱ्या आम्हा बौद्धांना बंदुकीशी काय करायचे आहे? शिकारीशी काहीच नाही. पण गोळी कोणती आणि दारू किती हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, हा प्रश्न शिकारीचा नाही, सत्तेचा आहे. आणि सत्तेचा इतिहास आपण लिहिला नाही तर दुसरे लिहितात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

सुरुवात सैनिकापासून करू. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण लढली, तेव्हा शिपायांच्या हातात गारगोटीच्या चापाची ठासणीची बंदूक होती. इंग्रज तिला 'ब्राऊन बेस' म्हणत. नळीचा व्यास पाऊण इंच आणि गोळी त्याहून बरीच लहान, एका पौंडात चौदा-पंधरा बसतील एवढी. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो आणि दहा-पंधरा बारांनंतर घट्ट बसणारी गोळी आत जाईनाशी होते. म्हणून सैन्याने नेम सोडला आणि वेग घेतला. गोळी सैल, भरणी झटपट, नेम अंदाजाने, आणि शंभर माणसांनी एकदम बार काढायचा. दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत मापून बांधून यायची. शिपायाने पुडी दातांनी फोडायची, चिमूटभर दारू कानात टाकायची, बाकीची नळीत ओतायची आणि कागदासकट गोळी ठासायची.

म्हणजे शिपायाला निवड नव्हती. माप सरकारचे, गोळी सरकारची, फक्त खांदा त्याचा. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या नावापुढे 'नाक' लागले आहे असे बावीस जण या मापाच्या पुडीवर दिवसभर तहानेने लढले. पेशवाईतल्या गावात त्यांना काय वागणूक मिळत होती ते पुन्हा सांगत नाही. एवढेच म्हणतो की ज्या हाताचा स्पर्श विटाळ मानला जात होता, त्या हाताने दारूची पुडी फोडली तेव्हा पुडीने जात विचारली नाही.

पुडीने जात विचारली ती १८५७ मध्ये. एनफिल्ड रायफल आली, तिच्या नळीत पेचदार खाचा होत्या, व्यास ०.५७७ इंच. तिची लांबट गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, आणि दारू अडीच ड्राम, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. गोळीभोवती कागदाचे वेष्टण आणि त्यावर वंगण. आज प्लास्टिकचा सॅबो जे काम करतो त्यातले बरेचसे काम हा वंगण लावलेला कागद करत होता. तो फट भरायचा आणि गोळी सहज आत सरकवायचा. वंगण कशाचे, गाईच्या चरबीचे की डुकराच्या, यावरून काय झाले ते शाळेच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

शाळेच्या पुस्तकात बहुधा नसते ती दमदमच्या कारखान्यातली गोष्ट. जानेवारी १८५७ मध्ये तिथल्या एका खलाशाने, म्हणजे दारूगोळ्याच्या कामावरच्या कनिष्ठ जातीच्या कामगाराने, एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने विटाळाच्या भीतीने नकार दिला. त्यावर तो कामगार म्हणाला, की लवकरच तुम्हाला गाई-डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी फोडावी लागतील, मग जात कुठे राहील? ही हकीकत कॅप्टन राईट या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रामुळे सरकारदरबारी नोंदली गेली. सरकारी कागदात त्या कामगाराला नाव नाही. दलित परंपरेने त्याला मातादीन हे नाव दिले आणि जपले.

या प्रसंगाकडे नीट पाहा. काडतूस कसे बनते, वंगण कुठले, ते किती लागते हे माहीत होते कामगाराला, कारण ते बनवणारे हात त्याचे आणि त्याच्यासारख्यांचे होते. बारा आणे ज्ञान त्याच्याकडे आणि लोटाभर पाणी मात्र दुसऱ्याकडे! शंभर वर्षे आपल्याला शिकवले गेले की १८५७ ची ठिणगी धर्मभ्रष्टतेच्या भीतीतून पडली. त्या भीतीच्या तळाशी एका तहानलेल्या माणसाला नाकारलेले पाणी होते. चवदार तळ्याच्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दारूचेही तेच. काळी दारू म्हणजे ढोबळ मानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. यातला सोरा जुन्या भिंतींच्या, गोठ्यांच्या, वस्तीच्या खारावलेल्या मातीतून खरवडून, धुऊन, आटवून काढायचा. बिहारात हे काम नोनिया जातीचे. कोळसा पाडायचा तो रानात राहणाऱ्यांनी. बादशहापासून कंपनीपर्यंत सगळ्यांच्या तोफा ज्यांच्या खरवडलेल्या मातीवर धडाडल्या त्यांना शस्त्र बाळगायची मुभा कोणी दिली?

आता निवड करणाऱ्याकडे येऊ. त्यासाठी मध्य प्रांतात यावे लागते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि भंडारा इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. त्याच काळात इथे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा अधिकारी आला. जमीनमोजणी, जंगलखाते आणि शिकार. त्याचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाले आणि आजही जंगलप्रेमी ते कौतुकाने वाचतात. पण त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या एकाच विषयावर वेगळे पुस्तक लिहिले होते. (टोपीच्या चापाचा शोध लावणारा पाद्री फॉर्सिथ वेगळा. आडनावामुळे घोटाळा होतो.)

त्याचा मुद्दा तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. खाचांचा पेच जलद असेल आणि दारू भरपूर भरली, तर शिशाची गोल गोळी खाचा सोडून तशीच सरळ निघून जाते, फिरत नाही आणि नेम जातो. दारू कमी केली तर गोळी सावकाश जाते, वाटेत खाली झुकते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी जनावर जखमी होऊन निसटते. फॉर्सिथने तोड काढली ती संथ पेचाची. १०४ इंचात एकच फेरा, म्हणजे नळीच्या लांबीत पाव-एक फेराच. चौदा बोअरची नळी, वंगण लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी आणि पाच ड्राम दारू. पाच ड्राम म्हणजे जवळपास नऊ ग्रॅम. एनफिल्डच्या शिपायाला जेवढी मिळायची त्याच्या दुप्पट, आणि गोळीचे वजन साधारण तेवढेच. गोळी सपाट जाते आणि जवळच्या अंतरात जनावराला जागीच पाडते.

'बोअर' हा शब्द पुष्कळांना कोड्यात टाकतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. चौदा बोअरची गोळी साधारण ३२ ग्रॅमची. कोरेगावच्या शिपायाच्या पुडीतली गोळी आणि साहेबाच्या शिकारी रायफलीतली गोळी जवळजवळ एकाच वजनाची होती. फरक एवढाच की एकाला ती मापून दिली जायची आणि दुसरा तिचे माप स्वतः ठरवून त्यावर पुस्तक लिहायचा.

साहेबाच्या त्या पाच ड्रामांमागे आणखी किती माणसे होती तेही बघा. ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जखमी वाघ अंगावर येतो. म्हणून साहेबाच्या मागे भरलेली दुसरी बंदूक घेऊन एक माणूस उभा असायचा. त्याच्या हातात बंदूक असे, पण ती झाडायची नसे. जनावर उठवायला हाका लागायचा. ढोल, डबे, आरडाओरडा करत रान तुडवणारे हाकारे गोंड, हलबा आणि गावातले महार. मध्य प्रांतात गावचा कोतवाल बहुधा महार असे. रसेलने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातीजमातींच्या ग्रंथात महारांची दोन कामे ठळक आहेत, गावची राखण आणि जाडेभरडे कापड विणणे. साहेबाचा किंवा मालगुजाराचा निरोप आला की माणसे गोळा करायची ती कोतवालाने. वेठबेगारीची ही पद्धत वेगळी सांगायला नको. वाघ मारला की फोटो साहेबाचा. हाक्यात वाघाने फाडलेल्या माणसाचे नाव शिकारीच्या पुस्तकात शोधायला गेलात तर 'एक हाकारा' एवढेच सापडते.

आणि त्याच रानात पारधी फास लावून तितर धरायचा तर तो १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या यादीत जाण्याच्या लायकीचा! साहेब मारतो ती शिकार, पारधी मारतो ती चोरी. ब्राह्मणी व्यवस्थेने कर्माला जन्माचे लेबल लावले होते. इंग्रजांनी त्यावर सरकारी शिक्का मारला.

१८७८ चा शस्त्र कायदा लिटनने आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही आणि युरोपियनांना सूट. हा कायदा वंशभेदी होता यावर सगळ्या राष्ट्रीय इतिहासकारांचे एकमत आहे. पण परवाना ज्या हिंदी माणसाला मिळायचा तो कोण? जमीनदार, मालगुजार, दरबारी, 'इभ्रतदार'. मालगुजाराच्या वाड्यात भिंतीवर बंदूक टांगलेली असायची, कोतवालाच्या हातात काठी. वंशभेदी कायद्याच्या खाली जातिभेदी वहिवाट सुखाने नांदत होती आणि तिच्याविरुद्ध ठराव करायला कोणी बसले नव्हते.

त्यातच १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. 'लढाऊ जाती'चा सिद्धांत. ज्यांनी कोरेगाव लढले ते अचानक लढाऊ राहिले नाहीत. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदाराने १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे याच बंद होत गेलेल्या दरवाजातून बाहेर पडलेल्या शेवटच्या पिढीतले. बंदूक गेली म्हणजे फक्त पगार गेला नाही. पलटणीतली शाळा गेली, पेन्शन गेली, गावाबाहेरचे जग गेले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने. दुसरी पलटण १९४२ मध्ये आमच्या शेजारी कामठीला उभी झाली, आणि १९४६ मध्ये या रेजिमेंटकडे मशीनगन आली.

आता एक अडचणीची गोष्ट, जी आपले काही वक्ते सोयीने टाळतात. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क करावा अशी दुरुस्ती मांडली. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात तशी मागणी केलेलीच होती. तिला विरोध केला तो बाबासाहेबांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आग्रह धरायचा तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा, आणि असा हक्क दरोडेखोरालाही द्यायचा का? दुरुस्ती फेटाळली गेली.

आमच्या मते बाबासाहेब बरोबर होते. गावात उद्या सगळ्यांना बंदुका मोकळ्या केल्या तर पहिल्या शंभर कोणाच्या घरात जातील हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे आणि ठाण्यात ओळख आहे त्याच्या. अमेरिकेत शस्त्राचा हक्क घटनेत आहे, पण गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसाला दक्षिणेतल्या राज्यांनी यादवी युद्धानंतर लगेच खास कायदे करून बंदूक नाकारली. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क वेगळे असतात.

पण हक्क नको म्हणताना बाबासाहेबांनी असे म्हटले नव्हते की परवाना फक्त सातबाऱ्याला द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ काढून वाचा. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी त्यात स्वतंत्र तरतूद आहे. अधिकाऱ्याची खात्री पटली की ठासणीची पुरणार नाही, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे भारतीय कायद्याने भरमार ही शेतकऱ्याची बंदूक म्हणून मान्य केली आहे. ऐकायला छान. पण पीक राखायचे म्हणजे आधी पीक हवे, पिकाला जमीन हवी आणि जमिनीला कागद हवा. ज्या १९५९ साली हा कायदा झाला त्याच साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले होते. दिल्लीत पीक राखणाऱ्याला बंदूक मिळत होती आणि इकडे पीक काढणाऱ्याला गुंठाभर जमिनीसाठी तुरुंगात जावे लागत होते.

आमच्या भंडाऱ्यात हे सगळे आजही धुऱ्यावर उभे राहून दिसते. धानाच्या बांध्यांत लोंब्या भरल्या की रानडुक्कर रात्रीतून शेत लोळवते. रात्री जागलीला माळ्यावर कोण बसते? ठेक्याने शेती करणारा, किंवा रोजाने ठेवलेला माणूस. त्याच्या हातात टॉर्च, डबा, फटाके. बंदुकीचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो गावात घरी झोपलेला. साहेबाची शिकार गेली, पण हाका राहिला आणि हाकारेही तेच राहिले.

शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. अभयारण्य घोषित झाले की त्याच्या दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकांनी नोंद करायची आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. कलम ३४. भंडाऱ्यात कोका अभयारण्य आहे, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे, गोंदियाच्या सीमेवर नागझिरा आहे. नकाशावर दहा-दहा किलोमीटरची वर्तुळे काढा, जिल्ह्याचा किती भाग उरतो ते दिसेल. वाघ वाचले पाहिजेत याबद्दल आमचे दुमत नाही, आणि शिकारबंदी उठवा असेही आम्ही म्हणत नाही. पण याचा हिशेब साधा आहे. जुने परवाने ज्या घरात आहेत तिथेच राहतात, नवे मिळणे कठीण. म्हणजे मालगुजारीच्या काळातले वाटप गोठवून ठेवले जाते.

भंडाऱ्याचे आणखी एक नाते दारूशी आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ पासून इथे आहे. तिथे बनते ती धूर न करणारी आधुनिक दारू, काळी नव्हे. ठासणीच्या बंदुकीत ती चुकूनही भरू नये, दाब इतका चढतो की नळी फुटते आणि हात जातो. २४ जानेवारी २०२५ ला त्याच निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. दमदमच्या खलाशापासून जवाहरनगरपर्यंत दारूपाशी उभे राहणारे कोण, याची जातवार मोजणी सरकार करत नाही. आपण करायला हरकत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांनी वाचले आहेत. नियम ३ म्हणतो, की अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास राज्य सरकारने अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. हे कोणा अतिरेक्याचे पत्रक नाही, भारत सरकारचा नियम आहे. यात सातबाऱ्याची अट नाही. पिकाऐवजी माणूस राखण्यासाठी परवाना देता येतो, हे या एका ओळीत मान्य केले आहे.

आणि हा नियम होऊन अकरा वर्षे झाली असताना, २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाने ठेचून मारले. वादाच्या मुळाशी त्यांची शेती आणि तिच्यातून काढायचा रस्ता होता. तिथे बंदूक वापरली गेली नाही. लाठ्या, साखळ्या पुरल्या. तेव्हा परवाना असता तर ते वाचले असते, असला फिल्मी दावा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. नियम ३ मधली पहिली पायरी शस्त्राची नाहीच. अत्याचारप्रवण भाग आधीच ओळखायचा आणि जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन कायदा-सुव्यवस्थेचा आढावा घ्यायचा, ही आहे. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना हरवले, त्या भंडाऱ्यातली कोणती गावे अशा यादीत आहेत, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीच्या विहारात लावलेले असले पाहिजे.

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्रपरवान्यांचे रजिस्टर असते. आमची मागणी एवढीच आहे की त्यातून तीन आकडे तालुकावार जाहीर करावेत. पीक-संरक्षणाचे परवाने किती, त्यातले अनुसूचित जाती-जमातींच्या नावावर किती, आणि १९९५ च्या नियम ३ खाली आजवर दिलेले किती व रद्द केलेले किती. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर आणि भंडारा या सातही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी तो एकाच आठवड्यात टाकावा आणि उत्तरे आमच्याकडे पाठवावीत. आम्ही ती इथेच, आहेत तशी छापू.